जुना मीटर जमा

पुंजाराम गांगुर्डेच्या निवृत्तीला बारा दिवस उरले होते, तेव्हा त्याला गाडीचा मीटर बदलायची बुद्धी झाली. न होती तर तो शाल-नारळ घेऊन सुखानं घरी गेला असता.

गाडी संस्थेची, फिरत्या दवाखान्याची. मागं एक बाकडं, औषधांचं कपाट, सलाईन टांगायला हूक, आणि पुढं पुंजाराम. एकोणीस वर्षं हेच. सोमवारी पेठ, मंगळवारी कळवण, बुधवारी सुरगाणा, अशा वारावारानं फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीच्या टोकाला दोन-चार पाडे, जिथं एसटी जात नव्हती. डॉक्टर दरसाल नवे. शिकून आलेले, वर्षभर खिडकीबाहेर बघत बसलेले आणि वर्ष भरताच गेलेले. नर्सबाईही बदलत गेल्या. पुंजाराम तेवढा राहिला. गाडीचाच एखादा भाग असावा तसा, फरक इतकाच की गाडीच्या भागांना वेळच्या वेळी ग्रीस मिळे.

मीटर बंद पडला तो दोन हजार तेराच्या पावसाळ्यात. सापुताऱ्याच्या बाजूला एका खड्ड्यात पुढचं चाक आपटलं, डॅशबोर्डाच्या आत काहीतरी कडकन तुटल्यासारखं वाजलं आणि वेगाचा काटा शून्यावर लुळा पडला. आकड्यांची चाकंही जागीच अडकली. एक लाख एकतीस हजार आठशे सेहेचाळीस. काचेच्या आत एक गांधीलमाशी कधीतरी शिरून मेली होती, ती त्या आकड्याच्या खाली पडून राहिली.

परत आल्यावर त्यानं शौचे भाऊसाहेबांना सांगितलं. गंगाधर शौचे तेव्हा संस्थेचे मुख्य कारकून. गाडीच्या लॉगबुकात रोज सुरुवातीचा आकडा, शेवटचा आकडा आणि किलोमीटर लिहायचे असत आणि ती वही भाऊसाहेब तपासत. त्यांनी चष्म्यावरून बघत सांगितलं, "मीटर मंजूर होईस्तोवर तू आपला हिशेबानं आकडा टाकत जा. फक्त 'अंदाजे' असं लिहू नकोस, ऑडिटला खटकतं. नुसता आकडा टाक."

मीटर काही मंजूर झाला नाही. पुंजारामनं तीनदा अर्ज दिला. गाडी चालते ना, मग झालं तर, असं उत्तर तीनदा आलं, तेही तोंडी. अर्जांची पोच त्यानं घेतली नाही. घरच्या माणसाकडं पोच कोण मागतं?

पण नुसता आकडा टाकायचा म्हणजे काय, हा प्रश्न त्याला झोपू देईना. त्याच्या आधीचा ड्रायव्हर दर फेरीला दहा-वीस वाढवून लिहायचा आणि तेवढं डिझेल कुठं जायचं ते सगळ्यांना माहीत होतं. पुंजारामला तसलं जमणारं नव्हतं. डांबरी रस्त्यावर मैलाचे दगड होते, त्यांचं काम सोपं. आतल्या रस्त्यांचं काय? मग त्यानं मेव्हण्याची मोटारसायकल मागून घेतली आणि चार रविवार, स्वतःच्या पेट्रोलवर, एकेका पाड्यापर्यंतचं अंतर तिच्या मीटरवर मोजून आणलं. फाट्यापासून पाडा, पाड्यापासून ओढा, ओढ्यापासून शाळा. सगळं एका लहान डायरीत पेन्सिलीनं उतरवलं. पुढं पूल झाला तेव्हा चार किलोमीटरचा वळसा वाचला, तर त्या दिवसापासून लॉगबुकातून चार वजा झाले. दरड कोसळून घाट बंद झाला, तर ती फेरी जास्तीची लागली, ती तशी लागली. बारा वर्षं हा माणूस रोज संध्याकाळी एका मेलेल्या मीटरच्या वतीनं बेरीज करत बसला. ही बेरीज खरी होती. तिचं खरेपण मात्र त्याच्या एकट्याच्या डोक्यात होतं, आणि डोकं काही कुणी कागदाला जोडत नाही.

बारा दिवस उरले तेव्हा गाडीची आरटीओला पासिंगची तारीख जवळ आली होती. एजंट म्हणाला होता, मीटरकडं कोण बघतं काका, मी करतो सगळं. पण पुंजारामच्या मनानं घेतलं होतं. विंचूरकडं त्याच्या लहानपणी एक रीत होती. उसना आणलेला बैल परत करताना त्याला आधी पोटभर चारायचं आणि मग मालकाच्या दावणीला बांधायचं. उपाशी बैल परत करणाऱ्याला पुन्हा कुणी काही देत नसे. एकोणीस वर्षं वापरलेली गाडी आंधळी-मुकी परत करणं त्याला नको होतं.

नवा व्यवस्थापक गौरांग दोन वर्षांपूर्वी आलेला. सभ्य पोरगा, सगळ्यांना काका-मावशी म्हणणारा, आवाज न चढवणारा. त्यानं अर्ज वाचला आणि उभ्या उभ्या सही केली. बारा वर्षांत जे झालं नाही ते बारा सेकंदांत झालं. पुंजाराम त्या दिवशी घरी जाऊन बायकोला, मालनबाईला, म्हणाला, "माणूस चांगला हाय."

द्वारका चौकाजवळच्या एका गल्लीत सुनील मीटरवाल्याचं दुकान आहे. खाटेएवढी जागा, भिंतीवर टांगलेले शेपन्नास मीटर, प्रत्येकाचा काटा वेगळ्या ठिकाणी थांबलेला. सुनीलनं डॅशबोर्ड उघडला, तुटलेली केबल ओढून काढली, मीटर हातात घेऊन हलवला आणि मान हलवली. केबल तर गेलीच होती, आतले दातेही झिजून गुळगुळीत झाले होते. या गाडीचा असा मीटर आता बाजारात मिळत नव्हता. पुण्याहून मागवावा लागेल, पंधरा दिवस लागतील. नाहीतर दुसऱ्या गाडीचा एक पडून होता, खाचेत बरोबर बसणारा. फक्त तो थोडं कमी दाखवेल.

पंधरा दिवस पुंजारामजवळ नव्हते. त्यानं विचारलं, किती कमी.

"तुम्हाला काय शर्यत मारायचीय का काका?" सुनील म्हणाला. "काटा हलल्याशी मतलब."

मग त्यानं विचारलं की आकडा कुठला लावू. शून्य लावू, जुन्यावर होता तो लावू, की आणखी कुठला? पुंजारामनं पिशवीतून लॉगबुक काढलं आणि शेवटची ओळ वाचून दाखवली. तीन लाख सत्त्याऐंशी हजार दोनशे नऊ. सुनीलनं जुन्या मीटरकडं बघितलं, मग त्याच्याकडं बघितलं, आणि बारीक चिमट्यानं एकेक चाक फिरवून तो आकडा जुळवला. आकडा मागं फिरवायला त्याच्याकडं रोज माणसं येत. पुढं फिरवून घेणारं गिऱ्हाईक त्यानं पहिल्यांदाच बघितलं असावं.

बिलावर त्यानं लिहिलं: मीटर बदली, केबल नवी, रीडिंग सेट केले. खाली पुंजारामनं सही केली, काम समाधानकारक.

निघताना सुनील म्हणाला, "जुना इथंच राहू द्या. टाकतो भंगारात."

"नाय नाय. जुना माल जमा करायचा असतो."

"अहो, त्याला घेऊन काय करणार संस्था?"

"ते त्यांचं ते बघतील. माझ्या नावावर बाकी नको."

सुनील हसला आणि मीटर वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. पुंजारामनं तो स्टोअरमध्ये नेऊन दिला आणि आयुष्यात पहिल्यांदाच पोच घेतली. 'जुना मीटर एक नग जमा, रीडिंग १३१८४६.' आकडा त्यानं स्वतःच सांगितला. पोच जपून पाकिटात ठेवली.

गाडी पास झाली. पुंजारामनं ती धुतली, पुसली, सीटचं उसवलेलं कव्हर मालनबाईकडून शिवून आणलं. निरोप समारंभ शेवटच्या तारखेला ठरला होता. मालनबाईनं भावाला, भावजयीला निरोप धाडला होता. समारंभात एक पत्र वाचून दाखवतात, त्यात एक ओळ असते, 'यांची सेवा प्रामाणिक व समाधानकारक होती.' शिपायापासून संस्थेच्या शाळेच्या मुख्याध्यापकापर्यंत सगळ्यांना तीच ओळ, टाइप करून ठेवलेली, नुसतं नाव बदलायचं. पण पुंजारामला ती ओळ हवी होती. फ्रेमसाठी त्यानं भिंतीवर खिळासुद्धा ठोकून ठेवला होता.

पासिंगसाठी थांबवलेल्या फेऱ्या पुन्हा सुरू व्हायच्या आत, त्याच आठवड्यात ऑडिटवाले बसले. त्यातल्या एकानं स्टोअरमध्ये टेबलावर पडलेला मीटर कुतूहलानं उचलला, खालची चिठ्ठी वाचली आणि लॉगबुक मागवलं.

गौरांगनं पुंजारामला बसायला सांगितलं. पाणी दिलं. मग तीन गोष्टी समोर मांडल्या: जुना मीटर, सुनीलचं बिल, लॉगबुक. जुना मीटर म्हणत होता, गाडी एक लाख एकतीस हजार चालली. लॉगबुक म्हणत होतं, तीन लाख सत्त्याऐंशी हजार. बिल म्हणत होतं, नव्या मीटरवर आकडा मुद्दाम बसवून घेतला. मधले दोन लाख पंचावन्न हजार तीनशे त्रेसष्ट किलोमीटर कुठं आहेत, असा ऑडिटचा प्रश्न होता, आणि त्या किलोमीटरांचं डिझेल.

बाहेर टायपिस्ट कुणाला तरी सांगत होता, पृथ्वीला सहा प्रदक्षिणा झाल्या म्हणे काकांच्या. आमच्याकडं ब्रह्मगिरीची एक केली तरी लोक पाया पडतात.

पुंजारामनं सगळं सांगितलं. खड्डा, केबल, भाऊसाहेब, तीन अर्ज. गौरांगनं फाइल शोधायला लावली, अर्ज सापडले नाहीत. पेशंटांची रजिस्टरं असती तर गाडी कुठल्या दिवशी कुठं होती ते तरी दिसलं असतं. पण सगळं कॉम्प्युटरवर गेलं तेव्हा जुनी रजिस्टरं रद्दीत गेली, आणि ती रद्दी याच गाडीतून पुंजारामनंच भद्रकालीतल्या रद्दीवाल्याकडं नेऊन टाकली होती. शेवटी त्यानं पेन्सिलीनं लिहिलेली डायरी पुढं केली. गौरांगनं ती खरोखरच नीट वाचली. मग म्हणाला की काका, हे तुमच्याच अक्षरात आहे.

"मग कोणाच्या असणार, साहेब? मीच मोजलं."

गौरांगनं लॉगबुकाची पानं उलटली. एकशे त्र्याण्णव. एकशे एकोणनव्वद. एकशे सदतीस. त्यानं बोट ठेवलं. ऑडिटवाल्यांना खरं तर हेच जास्त खटकलं होतं. मीटर बंद असला की माणूस दीडशे लिहितो, दोनशे लिहितो. बंद मीटरवर एकशे सदतीस कुणी लिहीत नाही. इतका नेमका आकडा तोच लिहितो, ज्याला खोटं खऱ्यासारखं दाखवायचंय.

"एकदा जरी 'अंदाजे' असं लिहिलं असतं ना काका, तर मी हे इथंच मिटवलं असतं."

चार रविवार पुंजारामच्या डोळ्यांपुढून गेले. ओढ्याच्या पाण्यातून मोटारसायकल ढकलत नेली होती, तो रविवार जरा जास्त वेळ थांबला.

दुसऱ्या दिवशी तो शौचे भाऊसाहेबांकडं गेला. भाऊसाहेब निवृत्त झाल्यापासून घरच्या उपाध्येपणात परत गेले होते. रामकुंडाजवळच्या त्यांच्या ओसरीत लाल कापडात बांधलेल्या वह्यांची चळत होती आणि समोर एक विदर्भातलं कुटुंब बसलं होतं. गाव विचारून, आडनाव विचारून भाऊसाहेबांनी एक वही ओढली, पानं उलटली आणि त्या लोकांच्या पणजोबाची सही काढून दाखवली. शंभर वर्षांपूर्वी तो म्हातारा आईच्या अस्थी घेऊन आला होता, बरोबर दोन भाऊ होते, एक पायानं अधू. बाई रडायला लागली. भाऊसाहेबांनी त्या कुटुंबाच्या नव्या पिढीची नावं खाली लिहून घेतली, पोराची सही घेतली.

ती माणसं गेल्यावर पुंजारामनं आपलं सांगितलं. फक्त दोन ओळी लिहून द्या म्हणाला. मीटर बंद होता आणि आकडा टाकत जा असं तुम्ही सांगितलं होतं, एवढंच.

भाऊसाहेबांनी वहीला गाठ मारली. "अरे, बारा वर्षं झाली. बोललोही असेन. आता कसं सांगू? लक्षात नाही रे."

"भाऊसाहेब, तुम्हाला त्या म्हाताऱ्याचा लंगडा भाऊ सापडला."

"ते लिहिलेलं होतं, पुंजाराम."

मालनबाईला त्या संध्याकाळी सगळं कळलं. ती ओरडली नाही. मेलेल्या मीटरला उकरून काय मिळालं, एवढंच म्हणाली आणि भावाला येऊ नको म्हणून कळवायचं की नाही ते विचारलं. पुंजाराम म्हणाला, दोन दिवस थांब.

त्याच्याकडं एकच गोष्ट उरली होती, रस्ता. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. सकाळी तो गौरांगच्या टेबलापाशी उभा राहिला. "एक फेरी माझ्याबरोबर चला साहेब. कळवणची. लॉगबुकात एकशे त्र्याण्णव लिवलेत. नव्या मीटरवर तेवढेच भरले, तर बाकीचं बी खरं धरा. नाय भरले तर मी चोर."

गौरांग उठला. हेही त्याच्या चांगुलपणातच बसत होतं.

दिंडोरी रोडला लागल्यावर पुंजारामची पाठ ताठ झाली. काटा हलत होता. बारा वर्षांनी त्याला आपला वेग दिसत होता. दुतर्फा द्राक्षांच्या बागा, मग वणी, मग डोंगर चढत आलेला. म्हेळुस्क्याच्या फाट्यापुढं त्यानं पहिल्यांदा दगडाकडं बघितलं आणि मीटरकडं बघितलं. दगड दहा सरकले होते, मीटर नऊनं सरकला होता. त्याला वाटलं आपलं मोजायला चुकलं. पुढच्या दहा दगडांना त्यानं एकेक मोजला. परत नऊ.

तेव्हा त्याला सुनीलचं बोलणं आठवलं. थोडं कमी दाखवेल. काटा हलल्याशी मतलब.

त्यानं गिअर बदलून गाडी पुढं काढली. शेजारी गौरांगनं मोबाइलवर नकाशा लावून ठेवला होता, त्यातही किलोमीटर चढत होते. पाड्यावर गाडी थांबली तशी दोन म्हाताऱ्या गोळ्यांसाठी उठून आल्या. आज डॉक्टर नाही म्हटल्यावर त्यांनी पुंजारामलाच गुडघे दाखवले. गौरांग ते बघत होता. ओढा, शाळा, पूल, परतीचा घाट. संध्याकाळी गाडी संस्थेच्या आवारात उभी राहिली तेव्हा मीटरवर फेरीचे एकशे शहात्तर भरले होते. गौरांगच्या मोबाइलवर एकशे ब्याण्णव.

पुंजारामनं इंजिन बंद केलं.

"नवा मीटर कमी दाखवतो साहेब," पुंजाराम म्हणाला. "दुसऱ्या गाडीचा हाय. तुमचा फोन बघा."

"बघितला." गौरांगनं मोबाइल खिशात टाकला. "मला पटलं, काका. सकाळीच पटलं होतं. पण मला पटून काय उपयोग? ऑडिटला गाडीचा मीटर लागतो, माझा फोन नाही. आणि हा मीटर चुकीचा आहे असं मी लिहायचं, तर काम समाधानकारक म्हणून सही कुणाची आहे?"

पुंजारामनं स्टिअरिंगवर हात ठेवले होते. ते त्यानं काढून मांडीवर घेतले.

गौरांगनं सांगितलं की एक वाट आहे. एक निवेदन द्यायचं. ऑडिट तेवढ्यावर थांबेल, पुढं चौकशी नाही, कसलीही वसुली नाही. समारंभ मात्र नको, ते बरं दिसणार नाही. पत्र मिळेल, फक्त त्यात ती एक ओळ घालता येणार नाही.

निवेदन टाइप करून तयारच होतं. 'मीटर बंद असताना लॉगबुकातील नोंदी मी प्रत्यक्ष मोजमाप न करता, स्वतःच्या मनाने केल्या.' पुंजारामनं ते दोनदा वाचलं. 'प्रत्यक्ष मोजमाप न करता' एवढं खोडता येईल का, असं त्यानं विचारलं. बाकी सगळं राहू द्या म्हणाला.

"तेवढंच तर हवंय त्यांना, काका."

सही करताना त्याला मालनबाईच्या भावाची आठवण झाली, ज्याची मोटारसायकल होती. आता त्याला येऊ नको म्हणून सांगायला हवं होतं.

गौरांगनं लॉगबुक पुढं सरकवलं. आजच्या फेरीची नोंद राहिली होती. मीटरचा निकाल लागेपर्यंत सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा कोरा ठेवा, नुसते किलोमीटर टाका, असं तो म्हणाला.

पुंजारामनं पेन उघडलं. मीटर म्हणत होता एकशे शहात्तर, मोबाइल म्हणत होता एकशे ब्याण्णव, आणि डायरीत एकशे त्र्याण्णव होते. मग त्यानं ठसठशीत अक्षरात लिहिलं, २००. आणि त्याच्यापुढं, बारा वर्षांत पहिल्यांदा, अंदाजे.

गौरांगनं वही आपल्याकडं फिरवून बघितली.

"हे चालेल," तो म्हणाला, आणि गाडीच्या किल्लीसाठी हात पुढं केला.